किझी कॉर्बेट: लशीमागची इम्युनॉलॉजी आणि शेजारी उभं राहून शिकवणारी माणसं

पिपेटवाली

किझमीकिया कॉर्बेट हे नाव २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या बातम्यांत बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. माझ्या वाचनात मराठीत जे आलं ते 'लस बनवणारी कृष्णवर्णीय तरुणी' इथे सुरू होऊन तिथेच संपलं, आणि त्यात दोन गोष्टी राहून गेल्या. एक, तिची इम्युनॉलॉजी (म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास) नक्की काय आहे, आणि दोन, तिला कोणी शिकवलं आणि ती आता कोणाला शिकवतेय. मी याच फील्डमधली, दिवसभर उंदीर आणि अँटिबॉडी, त्यामुळे थोडं टेक्निकल होणार. कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या, रागवणार नाही.

जन्म १९८६, नॉर्थ कॅरोलायना. हिल्सबरो नावाच्या लहान गावात वाढली. चौथीतल्या बाईंनी आईला सांगितलं की पोरगी हुशार आहे, हिला ॲडव्हान्स्ड वर्गांत घाला. पुढे हायस्कूलात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या एका ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जायला लागली. हे झालं प्रोजेक्ट सीडमुळे. अमेरिकन केमिकल सोसायटीचा उपक्रम आहे, १९६८ पासून चालू, कमी उत्पन्नाच्या घरातल्या शाळकरी मुलांना खऱ्या लॅबमध्ये काम देतात आणि वर त्याचे पैसेही देतात. पैसे देतात हे महत्त्वाचं, कारण नाहीतर अशा घरातली मुलं सुट्टीत दुकानात उभी राहतात, लॅबमध्ये फुकट कोण जाणार. लॅब प्रोफेसरांची होती पण प्रत्यक्ष शेजारी उभं राहून फ्लास्क कसा धरायचा इथपासून शिकवणारा एक पीएचडीचा विद्यार्थी होता, तोही कृष्णवर्णीय. आपल्यासारखा दिसणारा माणूस हे काम करतो हे तिने तिथे पाहिलं.

मग युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, म्हणजे यूएमबीसी, तिथली मायरहॉफ स्कॉलर, म्हणजे तिथल्या एका खास शिष्यवृत्ती-प्रोग्रॅमची विद्यार्थिनी. २००८ मध्ये बायॉलॉजी आणि जोडीला सोशिऑलॉजी घेऊन पदवी. कॉलेजात असतानाच एनआयएचमध्ये (अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) बार्नी ग्रॅहॅम यांच्या लॅबमध्ये पोचली आणि विषय मिळाला आरएसव्ही.

इथे जरा थांबते कारण सगळी गंमत इथे आहे. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना छळणारा व्हायरस. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याची लस करून पाहिली होती, फॉर्मॅलिनने मारलेला व्हायरस टोचायचा, सरळ साधी कल्पना. झालं उलटंच. लस घेतलेल्या बाळांना नंतर खरा संसर्ग झाला तेव्हा आजार जास्त बळावला, बहुतेकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, दोन बाळं दगावली. त्यानंतर कित्येक वर्षं त्या लशीच्या वाटेला जायला लोक घाबरत होते. ग्रॅहॅम यांनी आयुष्याचा मोठा भाग हे असं का झालं यात घालवला. उत्तराचा एक भाग असा की व्हायरसच्या पृष्ठभागावरचं जे प्रोटीन पेशीत घुसायचं काम करतं त्याचे दोन आकार असतात, घुसण्याआधीचा आणि घुसून झाल्यावरचा. आधीचा आकार ताणून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा, जरा धक्का लागला की सुटतो आणि मग परत जात नाही. शरीराला सुटलेलीच स्प्रिंग दाखवली तर अँटिबॉडी भरपूर बनतात पण व्हायरसला अडवत नाहीत, नुसत्या चिकटून बसतात. शिवाय त्या जुन्या लशीने टी-पेशींचा (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रोखही ॲलर्जीच्या बाजूला वळवला होता. म्हणजे प्रोटीन आधीच्या आकारात गोठवून दाखवलं पाहिजे. आरएसव्हीचं हे २०१३ मध्ये जमलं आणि त्या पायावर उभ्या राहिलेल्या लशींना २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दहा वर्षं, आणि ती पण मुख्य कोडं सुटल्यानंतरची.

कॉर्बेटने पीएचडी चॅपल हिललाच केली, अरविंदा डिसिल्वा यांच्याकडे, विषय डेंग्यू, श्रीलंकेतल्या मुलांच्या रक्तातल्या अँटिबॉडी. डेंग्यूचे चार प्रकार. एकाविरुद्ध बनलेली अँटिबॉडी दुसऱ्याला अर्धवट चिकटली तर कधीकधी त्याला पेशीत शिरायला मदतच करते. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त भारी पडू शकतो असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात त्यामागचं एक मोठं कारण हेच.

आता हे ओळीने लावून बघा. आरएसव्ही, डेंग्यू, नंतर कोरोना. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, अँटिबॉडी बनली हे ठीक, पण ती कामाची की उपद्रवी? लोकांना वाटतं २०२० मध्ये घाईघाईत लस झाली, पण ज्या मुलीने विशीपासून 'लस उलटू शकते' याच गोष्टीचा अभ्यास केलाय तिच्या हातात ते काम होतं.

२०१४ मध्ये पीएचडी संपवून ती परत ग्रॅहॅम यांच्याकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) म्हणून गेली, यावेळी कोरोनाव्हायरस. तेव्हा मर्स चालू होता, तोही कोरोनाव्हायरसचाच आजार. २०१७ च्या पेपरमध्ये या मंडळींनी दाखवलं की स्पाइक प्रोटीनमध्ये (कोरोनाव्हायरसचं पेशीत घुसणारं प्रोटीन) एका ठराविक जागी दोन प्रोलीन (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी, अमिनो ॲसिड) घातले की स्प्रिंग सुटत नाही. १० जानेवारी २०२० ला नव्या व्हायरसचा जनुकीय सिक्वेन्स जाहीर झाला, तीच दोन प्रोलीनची युक्ती त्यात बसवली आणि १६ मार्चला सिएटलमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला इंजेक्शन दिलं गेलं. ६६ दिवस. आणि त्यासोबत उंदरांवर, माकडांवर चाचण्या, ज्यात मुद्दाम हे तपासलं की टी-पेशी ॲलर्जीच्या बाजूला तर वळत नाहीयेत ना. हे तपासून घ्यायचं कोणाच्या डोक्यात पहिलं येणार? ज्याने आरएसव्हीवर काम केलंय त्याच्याच.

आता माझा मुद्दा. जून २०२१ मध्ये ती हार्वर्डच्या पब्लिक हेल्थ स्कूलमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाली, स्वतःची लॅब. २०२३ मध्ये हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने ३१ तरुण प्राध्यापकांना एक नवी ग्रँट दिली त्यात ती होती. या ग्रँटची निवड दोन गोष्टींवर होती, विज्ञान चांगलं हवं हे आलंच, पण दुसरी अट अशी की तुमच्या लॅबमध्ये शिकायला येणारी मुलं, कुठल्याही घरातून आलेली असोत, ती वाढतील असं वातावरण तुम्ही करता का, मेंटॉरिंग मनावर घेता का. तरुण पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) असं कोणी विचारत नाही हो! पेपर किती, कुठल्या जर्नलात, ग्रँट किती आणली, संपलं. आणि कॉर्बेटची सगळी गोष्ट उलगडून पाहिली तर दर टप्प्यावर एकजण असा भेटतो ज्याने स्वतःचं काम बाजूला ठेवून तिला वेळ दिला, ज्याची नोंद त्याच्या कुठल्याही अप्रेझलमध्ये झाली नसणार.

तुमच्या फील्डमध्ये हे कसं चालतं? नुसतं 'गाईड चांगला होता/वाईट होता' नको, नक्की काय केलं ते सांगा.

गॅलरीतला_बोका

रुमाल टाकून ठेवतोय, सकाळी नीट वाचतो. 'कामाची की उपद्रवी' हे आमच्या सोसायटीच्या कमिटीलाही लागू होतं एवढं बोलून पळतो.

जुना_क्यूसीवाला

लेख माहितीपूर्ण आहे ताई, पण नेहमीसारखं एकाच माणसाला हार घालणं चाललंय असं वाटलं. मी फार्मात आयुष्य काढलं, व्हॅक्सीनच्या प्लँटवर सुद्धा होतो. लस एक माणूस करत नाही. प्रोलीनची आयडिया स्ट्रक्चरल बायॉलॉजीवाल्यांची, जेसन मॅक्लेलन आणि त्यांच्याकडचे लोक. एमआरएनए (या लशीतला, पेशीला प्रोटीन बनवायला सांगणारा निरोप) टिकवायची युक्ती कॅरिको आणि वाइसमन यांची, त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. तो गुंडाळायचे लिपिडचे थेंब आणखी कोणाचे. बनवली मॉडर्नाने. मग ही 'लस बनवणारी' कशी? आणि ३० हजार लोकांवरची ट्रायल ज्यांनी चालवली, बॅच रिलीज ज्यांनी केलं, त्यांची नावं कोणाला माहीत आहेत का? नाहीत.

मेंटॉरिंगबद्दल म्हणाल तर आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सीनियर केमिस्ट ओरडायचा, आम्ही शिकायचो.

पिपेटवाली

काका, पहिल्या भागाशी पूर्ण सहमत, म्हणूनच मी कुठेही 'तिने लस बनवली' असं लिहिलेलं नाही, परत वाचा. तिचा वाटा होता लशीत जायचं प्रोटीन कसं असावं आणि ते दिल्यावर प्राण्यांमध्ये प्रतिकारशक्ती कशी जागी होते हे तपासणाऱ्या टीमचं सायंटिफिक नेतृत्व. तो वाटा मोठाच आहे पण तो वाटा आहे.

उलट तुम्ही म्हणताय त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या कोरोनाच्या स्पाइकचा आकार दाखवणारा जो पेपर सायन्समध्ये आला, मॅक्लेलन यांच्या लॅबचा, त्यावर आठ नावं आहेत. त्यात कॉर्बेट आहे, ग्रॅहॅम आहेत, आणि कॉर्बेटच्या हाताखाली काम करणारी एक पोस्टबॅक मुलगी आहे. पोस्टबॅक म्हणजे पदवी झाली, पीएचडी किंवा मेडिकल अजून सुरू नाही, मधली एक-दोन वर्षं एनआयएचच्या लॅबमध्ये. आपल्याकडे अशा मुलीला काय मिळालं असतं? फार तर आभारात एक ओळ, ती पण आडनावाचं स्पेलिंग चुकवून. नंतरच्या नेचरच्या पेपरच्या लेखकांतही तिचं नाव आहे.

ओरडून शिकवण्याबद्दल: ओरडून प्रोसीजर शिकता येते. प्रश्न विचारायला शिकता येत नाही.

रॅलेकर

अरे वा, आमच्या भागातली गोष्ट. मी रॅलेला राहतो, हिल्सबरो इथून गाडीने फार लांब नाही, डरॅमच्या पलीकडे. बाहेरच्यांना नॉर्थ कॅरोलायना म्हटलं की रिसर्च ट्रँगल, ड्यूक, आयटी आणि आपली देशी मंडळी एवढंच डोळ्यासमोर येतं, पण त्याच्याच कडेला तंबाखूची शेती होती, अजून थोडी आहे, आणि विद्यापीठापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या पोरांना विद्यापीठाच्या आत काय चालतं ते माहीत नसतं. देशी पालक मुलांसाठी आठवीपासून प्रोफेसरांना ईमेल टाकायला लागतात (आम्हीही टाकले, लपवत नाही), त्यांना कोणी सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरात कोणी सांगणारं नाही त्यांच्यासाठी प्रोजेक्ट सीडसारखं काहीतरी लागतं.

मी आधी बाल्टिमोरला होतो त्यामुळे यूएमबीसीबद्दल थोडं. मायरहॉफ प्रोग्रॅम १९८८ मध्ये सुरू झाला, रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दाम्पत्याच्या देणगीतून. पहिली बॅच १९८९ ची, १९ कृष्णवर्णीय मुलगे. पुढच्या वर्षी मुली आल्या आणि १९९६ पासून सगळ्यांना खुला. कल्पना फ्रीमन ऱ्हबाउस्की यांची, जे पुढे १९९२ ते २०२२ विद्यापीठाचे प्रेसिडेंट होते. हे स्वतः बर्मिंगहॅम, अलाबामाचे, वंशभेदाविरुद्धच्या १९६३ च्या मुलांच्या मोर्चात बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेले, शिक्षण गणिताचं. त्यांचं म्हणणं असं की हुशार कृष्णवर्णीय मुलं सायन्सला येतात आणि पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत एकेकटी बुडतात, कारण मदत मागणं म्हणजे आपण कच्चे आहोत हे कबूल करणं असं त्यांना वाटतं. म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र राहायला बोलवायचं, ग्रुपमध्ये अभ्यास सक्तीचा, पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये पाठवायचं आणि पीएचडीपर्यंत मागे लागायचं.

आणि पिपेटवाली, तुम्ही एक गोष्ट सांगायची सोडलीत! हॉवर्ड ह्यूजची जी ग्रँट म्हणताय तिचं नावच फ्रीमन ऱ्हबाउस्की स्कॉलर्स आहे. ज्यांच्या प्रोग्रॅममधून ती शिकली त्यांच्याच नावाची ग्रँट.

अवांतर: याच यूएमबीसीने २०१८ मध्ये बास्केटबॉलमध्ये व्हर्जिनियाला हरवलं होतं, सोळाव्या मानांकनाची टीम पहिल्या मानांकनाला हरवते असं पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच झालं. बाल्टिमोरमध्ये त्या रात्री बुद्धिबळ खेळणारे लोक बास्केटबॉलवर बोलत होते.

पिपेटवाली

रॅलेकर, मुद्दाम सोडलं होतं, कोणीतरी पकडेल म्हणून. :)

चौथी_ब

मी शिक्षिका आहे, चौथीचाच वर्ग आहे म्हणून त्या वाक्याला अडखळले. 'बाईंनी आईला सांगितलं' हे तुम्ही एका ओळीत संपवलंत. ती ओळ सोपी नसते. माझ्या वर्गात ज्या मुलीचं डोकं चालतं ती बहुतेक वेळा गप्प बसलेली असते किंवा शेजारणीला उत्तर सांगून मार खात असते. आईला बोलावलं की आईला पहिल्यांदा वाटतं तक्रार आहे. पदर सावरत येते बिचारी, रोजंदारी बुडवून. तिला 'तुमची मुलगी हुशार आहे' म्हटलं की बऱ्याचदा उत्तर येतं 'मग काय करू मी?' आणि तिथे माझ्याकडे सांगायला ठोस काहीतरी असावं लागतं. स्कॉलरशिपची परीक्षा, नवोदयची परीक्षा, अमुक तारखेला फॉर्म, फोटो दोन. नुसतं कौतुक करून आईच्या हातात काही पडत नाही.

इम्युनॉलॉजीचं निम्मं समजलं, स्प्रिंगपर्यंत व्यवस्थित.

मोहोर

+१ चौथी_ब.

मला एक नावडतं बोलायचंय. मेंटॉरिंग फार छान, पण ते करतं कोण? डिपार्टमेंटमध्ये मुलींना काही अडचण असली, कोणी रडत असलं, कोणाला इंग्रजीत बोलायची भीती वाटत असली, की सगळे बोट दाखवतात नव्या मॅडमकडे. सर लोक पेपर लिहितात, मॅडम चहा पाजून समजूत काढतात. पाच वर्षांनी प्रमोशनला सरांचे पेपर मोजतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय प्राध्यापकांवर तर दोन्हीकडून ओझं, अख्ख्या विद्यापीठातली तशी मुलं त्या एकदोघांकडेच येणार. त्यामुळे 'बांधिलकी' वगैरे शब्द ऐकले की मी सावध होते. काम आहे तर कामासारखं मोजा, वेळ द्या, पैसे द्या. त्या दृष्टीने ही ऱ्हबाउस्की ग्रँट मला पटली, कारण तिथे तो निवडीचा निकष आहे, भाषणातला परिच्छेद नाही.

आणि आपल्याकडचं एक उदाहरण कोणी काढलं नाही म्हणून काढते. कमल रणदिवे. पुण्याच्या, फर्ग्युसनच्या. मुंबईत व्ही. आर. खानोलकर यांच्याकडे पीएचडी, मग जॉन्स हॉपकिन्सला, म्हणजे रॅलेकरांच्या बाल्टिमोरलाच, जॉर्ज गाय यांच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, जिथे हेला पेशी (लॅबमध्ये न संपता वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी) वाढवल्या गेल्या ती लॅब. परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. १९७३ मध्ये इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन काढण्यात त्या पुढे होत्या, आजही वाशीला त्यांचं हॉस्टेल आणि पाळणाघर आहे. पाळणाघर! मला वाटतं मेंटॉरिंग म्हणून जे काही असतं त्यात ते सगळ्यात वर यायला हवं.

फेलोशिप_लटकली

आयडीवरून कळलंच असेल. पीएचडी चालू, इम्युनॉलॉजीच, कुठे ते सांगत नाही. जेआरएफ (पीएचडीची सरकारी फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, कागदावर छान आहे, पण येते तेव्हा चार-सहा महिन्यांची एकदम येते, तोपर्यंत रूममेटच्या उधारीवर.

पिपेटवाली ताईंनी विचारलं नक्की काय केलं ते सांगा, तर सांगतो. आमच्याकडे सर चांगले आहेत पण सरांकडे वेळ नाही, मीटिंगा, कमिट्या, ग्रँटचे रिपोर्ट. मला शिकवलं ते एका सीनियर ताईने, ती तेव्हा स्वतःची थीसिस लिहीत होती. उंदराचा स्प्लीन (प्लीहा) काढून पेशी वेगळ्या करायच्या, फ्लोवर (पेशी ओळखून मोजणारं यंत्र) स्टेनिंग लावायचं, हे सगळे व्हिडिओ बघून येतं असं वाटतं पण येत नाही. तिने काय केलं तर पहिल्या दिवसापासून माझ्याकडून कंट्रोल (ज्यांचं उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत असतं) लावून घेतले. नुसते कंट्रोल, सॅम्पल नाहीच. मी वैतागलो होतो. ती म्हणायची तुला जे दिसतंय ते खरं आहे की तुझ्या हाताचा दोष आहे हे तुला आधी कळू दे. आता माझ्या डेटावर कोणी प्रश्न विचारला तर मला घाम फुटत नाही तो तिच्यामुळे. तिचं नाव माझ्या पेपरवर असेल का? सर म्हणतात 'तिने ट्रेनिंग दिलं, एक्सपेरिमेंट नाही केला.' नियमाने बरोबर असेल.

जुना_क्यूसीवाला

वा रे पठ्ठ्या, कंट्रोल आधी हे शिकवणारी सीनियर भेटली हे नशीब समज. आमच्याकडे रिजेक्ट झालेल्या निम्म्या बॅचेसचं मूळ असायचं ॲनालिस्टच्या हातात, आणि ते कोणी मान्य करायचं नाही.

पिपेटवालींना एक विचारतो, खोचक समजू नका. हॉवर्ड ह्यूजवाले पैसे किती देतात? कारण भरपूर पैसे दिले तर मीही प्रेमाने शिकवेन की.

पिपेटवाली

हाहा काका. दहा वर्षांत मिळून एकेकाला ८६ लाख डॉलरपर्यंत. पाच वर्षं, मग आढावा, मग पुढची पाच. जाहीर करताना वीस वर्षांत दीड अब्ज डॉलर आणि १५० पर्यंत लोक असा आकडा सांगितला होता.

पण तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे कारण त्यात पैसे कशासाठी हे दडलंय. नव्या पीआयला पहिल्या पाच-सहा वर्षांत टेन्यूअरसाठी (कायम नोकरीसाठी) दाखवायला पेपर लागतात. नवशिक्या मुलाला हातात घेतलं तर पहिलं वर्ष तो तुमचा वेळ खातो, रिएजंट वाया घालवतो. तयार पोस्टडॉक घेतला तर सहा महिन्यांत डेटा. मग शहाणा माणूस काय करेल? म्हणजे शिकवणं ही तरुण शास्त्रज्ञासाठी थेट तोट्याची गोष्ट आहे, आणि तरी बरेच जण करतात. दहा वर्षांची खात्री मिळाली की तो तोटा सोसता येतो. विज्ञानाचंही तसंच, आरएसव्हीचं कोडं तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये सुटलं नसतं.

आपल्याकडे यूजीसीने गाईडला विद्यार्थ्यांची मर्यादा घातलीय, असिस्टंट प्रोफेसरला चार, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ. चांगलंच आहे, पण ती संख्या झाली. त्या चारांपैकी किती वेळेत संपले, किती मधेच सोडून गेले आणि का, संपलेले पुढे काय करतायत, हे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये विचारा ना. एक रकाना वाढवायला खर्च येत नाही.

फेलोशिप_लटकली, तुझ्या ताईचं नाव निदान थीसिसच्या मेथड्समध्ये घाल. 'अमुक यांनी बसवलेल्या प्रोटोकॉलनुसार' असं लिहिता येतं, त्याला सरांची हरकत असायचं कारण नाही.

मोहोर, पाळणाघराला हजार वेळा सहमत.

गॅलरीतला_बोका

वाचलं सगळं. एक बाळबोध शंका. ती दोन प्रोलीनची युक्ती मॉडर्नापुरतीच का? म्हणजे आपण जी टोचून घेतली त्यात काय होतं?

पिपेटवाली

बाळबोध नाही, मस्त शंका आहे. फायझर, जॉन्सन, नोव्हावॅक्स या तिघांनीही ती वापरली. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड ऑक्सफर्डची, तिच्यातल्या स्पाइकमध्ये ते दोन प्रोलीन नाहीत. कोवॅक्सीन म्हणजे तर अख्खा मारलेला व्हायरस, वेगळाच प्रकार. पण सीरमने पुण्यात केलेली कोवोवॅक्स ही नोव्हावॅक्सचीच, तिच्यात आहेत. म्हणजे कोवोवॅक्स घेतली असेल तर त्या २०१७ च्या मर्सच्या पेपरचा एक तुकडा तुमच्या दंडात जाऊन आलाय. पुण्याच्या जेनोव्हाने एमआरएनए लस पण केली, २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, पण तोवर लाट ओसरली होती त्यामुळे घेतलेला माणूस भेटणं कठीण.

आणि एक किस्सा. मर्सच्या काळात ग्रॅहॅम यांच्या लॅबमधला एकजण हजहून आला तो आजारी पडूनच. सगळे टरकले, मर्स तर नाही ना. निघाला एचकेयू१, साध्या सर्दीचा कोरोनाव्हायरस. दुसरं कोणी सुटकेचा निःश्वास टाकून विषय सोडला असता, यांनी त्याच व्हायरसचं स्पाइक अभ्यासाला घेतलं आणि त्याचा आकार काढला, २०१६ चा नेचरचा पेपर.

रॅलेकर

हे भारी आहे. सर्दी झाली तरी पेपर.

चौथी_ब

माझी भाची बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. तिथल्या मायक्रोस्कोपवर चौघी मिळून एक स्लाइड बघतात. तिला अशा एखाद्या मोठ्या लॅबमध्ये सुट्टीत जाता येईल का? कोणाची ओळख वगैरे नाही आमची.

फेलोशिप_लटकली

मॅडम, ओळख लागत नाही. तीन विज्ञान अकादमींची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते, आयएएस, इन्सा आणि नासी, दोन महिने, स्टायपेंड आणि प्रवासाचे पैसे मिळतात. फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतो आणि उन्हाळ्यासाठी असतो, त्यामुळे मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. कॉलेजातल्या एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. आणि स्वतःला काय करायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं, तिथे बहुतेक मुलं नेटवरून उचलून टाकतात आणि ते लगेच कळतं. तिने स्वतःचं लिहिलं तर मला दाखवायला सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मोहोर

आणि प्रोफेसरांना थेट ईमेल करायची असेल तर 'रिस्पेक्टेड सर' लिहून मॅडमना पाठवू नका म्हणावं. मला आठवड्याला एक तरी येते.

जुना_क्यूसीवाला

भाची पुण्याच्या आसपास असेल तर मला कळवा. प्लँटमधले जुने लोक ओळखीचे आहेत, क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) मायक्रोची लॅब एक दिवस दाखवायची सोय होते का विचारून बघतो. बंद चपला आणि फुल बाह्या घालून यायचं, मोबाईल गेटवर जमा. आणि कोणी ओरडणार नाही, तशी ताकीद देऊन ठेवतो.